गोल पाठीची गिटार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी जुन्या केसबद्दल विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती एका गिटारीची चोरी. मी तेव्हा गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात येऊ लागले होते. दिवाळी झाली होती, धानाची कापणी चालू होती आणि गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या नाटक-तमाशाच्या जत्रा, भरत होत्या. त्या दिवसांत आमचा निम्मा स्टाफ बंदोबस्तातच असायचा.

एका मंगळवारी सकाळी साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. त्या घरी गिटार शिकवायच्या. आदल्या दिवशी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेल्या होत्या. परत आल्या तर मागच्या दाराची कडी उचकटलेली आणि गिटार पेटीसकट गायब. बाकी कशालाही हात लागला नव्हता.

ठाणे अंमलदाराने वर्णन विचारलं. बाई म्हणाल्या, "वरची फळी लाकडाची आहे, पण पाठ फायबरसारख्या पदार्थाची. आणि ती सपाट नाही, गोल आहे."

अंमलदाराने लिहिलं, 'पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी.' बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंत."

गिटार त्यांच्या यजमानांनी तरुणपणी परदेशातून आणली होती. तसली गिटार बनवणं केव्हाच बंद झालं होतं. पावती नव्हती, नंबर कुठे लिहून ठेवलेला नव्हता. "साहेब, हे गेल्यावर वर्षभर मी घरातून निघत नव्हते," त्या म्हणाल्या. "एक दिवस ती गिटार हातात घेतली, तेव्हापासून परत माणसांत आले. मला तीच पाहिजे."

गुन्हा दाखल झाला, घटनास्थळाचा पंचनामा झाला. संशय सरळ रंगाऱ्यावर गेला. आठवडाभर तो बाईंचं घर रंगवत होता, आणि नेमका सोमवारी आला नव्हता. तो दवनीवाड्याचा. माझ्या दोन माणसांनी त्याला धानाच्या बांधीतून, हातातला विळा खाली ठेवायला लावून, जीपमध्ये घालून आणलं.

आमचे हवालदार अनुभवी होते. म्हणाले, "साहेब, एक तास माझ्याकडे द्या." मी दिला नाही. स्वतः समोर बसलो.

"सोमवारी कामावर काऊन नाही आला?"

"धान कापून राहिलो होतो साहेब. मजूर भेटत नाही."

"गिटार कुठे ठेवली?"

"मी कायले नेऊ ते? मले वाजवता येत नाही. विकाले गेलो त कोन घेईन?"

तीन वेळा फिरवून विचारलं, तीन वेळा तेच उत्तर. चौथ्या वेळी तो माझ्यावरच चिडला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी नवीन सांगतो आणि गोड बोलतो, हा माझा अनुभव. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. सोडून पाहिली, विळ्याची ताजी जखम होती. जबाब नोंदवला आणि संध्याकाळी त्याला सोडलं. हवालदार दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

खबर आली ती आमच्याच शिपायाकडून. देवरीकडचा बंदोबस्त आटोपून तो परतला होता. "साहेब, मंडईच्या नाटकात एक गिटारवाला पाह्यलो. गिटार त्याच्या मांडीवरून घसरूनच राहिली होती. मागून पाह्यलो त भोपळाच!"

देवरी ठाण्याला कळवून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या वादकाला गिटारीसह आणलं. तिशीचा, नीटनेटका, आदबशीर. म्हणाला, "गिटार माझीच आहे सर. रायपूरच्या एकाकडून घेतली, दहा वर्षं झाली." तो एक कोण, तर आता हयात नाही. आतलं लेबल खरवडलेलं होतं. "मिळाली तशीच मिळाली, सर."

इथे माझी अडचण होती. बाई म्हणणार माझी, हा म्हणणार माझी, आणि कागद कुणाकडेच नाही.

मी गिटार त्याच्या हातात दिली. "वाजवा."

वाजवता त्याला चांगलं येत होतं, पण दोन ओळी होईपर्यंत गिटार दोनदा घसरली. बाईंनी मला सांगितलं होतं की ही गिटार सांभाळायला शिकण्यात सहा महिने गेले, बसूनसुद्धा पट्टा लावावा लागतो. पण घसरणं हा काही पुरावा नव्हे. मी विचारलं, "ही ठेवता कशात?"

"कापडी पिशवीत."

पिशवी कोरी होती आणि गिटारीच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. दहा वर्षं पिशवीतून बसने हिंडलेली वस्तू अशी राहत नाही. ही पाठ साध्या पेटीत बसतही नाही, तिला गोल बुडाची खास पेटीच लागते.

"पेटी कुठे आहे?"

त्याने पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली. मी चहा मागवला. त्याने अर्धा कप घेतला, खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "सर, मॅडमना सांगू नका."

"कोणत्या मॅडमना?" मी विचारलं. तोवर मी फिर्यादी कोण आहे, बाई की पुरुष, हे एकदाही बोललो नव्हतो.

मग तो सगळं बोलला. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. मंडईच्या हंगामापुरती गिटार मागितली होती, त्यांनी नाही म्हटलं. सोमवारी त्या नागऱ्याला जातात हे त्याला ठाऊक होतं. "वापस करणारच होतो," म्हणाला. असं सगळेच म्हणतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून पंच बोलावून, 'पेटी काढून देतो' असं त्याचं म्हणणं त्यांच्यासमोर लिहून घेत निवेदन पंचनामा केला आणि त्याच्या घरी गेलो. पेटी त्याने स्वतः माळ्यावरून काढून दिली. आतल्या मखमली अस्तरावर बाईंनी दोऱ्याने भरलेलं यजमानांचं नाव होतं.

कोर्टाचा हुकूम होईपर्यंत गिटार मुद्देमाल म्हणून ठाण्यातच राहिली. बाई रोज येऊन तिची विचारपूस करायच्या. "तारा ढिल्या करा, नाहीतर वरची फळी उचलेल," त्यांनी सांगितलं, आणि आमच्या हवालदारांनी त्या सांगतील तशा खुंट्या फिरवल्या. गिटार परत घेताना सुपूर्दनाम्यावर सही केली त्या दिवशी बाईंनी ठाण्यातच गिटार जुळवून वाजवली. फिर्याद द्यायला आलेली माणसंही आपलं भांडण थांबवून ऐकत उभी राहिली. वादकाने गुन्हा कबूल केला. कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं.

मी समाधानात होतो. रंगाऱ्याला बोलावून सांगितलं, "तुझ्यावर आता काही नाही. जा."

तो गेला नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही मले सांगता. गावाले कोन सांगन? जीपमधी घालून नेलं तवा सारं गाव पाह्यत होतं. आता मले कोनी रंगाच्या कामाले बोलावत नाही."

 दुसऱ्या दिवशी गणवेश घालून, त्याच जीपमध्ये त्याला माझ्या शेजारी बसवून मी दवनीवाड्याला गेलो. हवालदार स्वतःहून सोबत आले. पोलीस पाटलांनी ग्रामपंचायतीपुढे माणसं जमवली. मी मोठ्याने सांगितलं, "हा माणूस निर्दोष आहे. चोर सापडला. संशय घेण्यात चूक आमची झाली." दोन मिनिटांचं काम. गर्दीत थोडी कुजबुज झाली, मग एका म्हाताऱ्याने त्याला हाक मारून विचारलं, "माह्या घराचं कवा करतं मंग?"

चोर सापडला आणि माल मिळाला की तपास संपतो, असं मी तोवर समजत होतो. त्यानंतर ज्याला ज्याला गावासमोर उचलून आणलं आणि तो निर्दोष निघाला, त्याला गावासमोरच नेऊन सोडलं. असा नियम कुठल्या पुस्तकात नाही. काही वरिष्ठ हसलेही.

त्या दिवशी दवनीवाड्याहून आम्ही निघालो तर रंगाऱ्याची आई जीपच्या आडवी आली. "जेवल्याबिगर नाही जाऊ देत," म्हणाली. नव्या धानाचा भात होता, वर पातळ वरण. हवालदारांनी दोनदा मागून घेतला, मी तीनदा.