झोपाळ्यासमोरची भिंत

सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि मल्लखांब करायचे. मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी सिलिंडरवाल्यालासुद्धा, हे ऐकावं लागतं. त्यांच्यानंतर या घराण्यातल्या पुरुषांनी झोपाळ्याला पायानं झोका देण्यापलीकडे कसला व्यायाम केलेला मी पाहिला नाही.

मी मोबाइलवर बघून हातांवर उभं राहायला शिकू लागले, तेव्हा बापलेक झोपाळ्यावर बसून गाठिया खात हसायचे. "सूनबाई, भिंतीचा रंग जाईल," सासरे म्हणायचे. नवरा म्हणायचा, "या वयात कसले माकडचाळे!" माझी मनगटं ठणकायची, खांदे भरून यायचे. शेवटी एका सकाळी टाचा भिंतीपासून सुटल्या आणि मी बिनआधाराची उभी राहिले. झोपाळ्यावरचं हसू बंद झालं.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन आल्या. सासऱ्यांनी मला त्यांच्यासमोर पुन्हा उलटं व्हायला लावलं आणि छाती फुगवून गुजरातीत सांगितलं, की हे आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे.

मी सून, अमरावतीहून आलेली. ते रक्त ज्याच्या अंगात आहे, तो झोपाळ्यावर बसून गाठिया संपवत होता.