आबांच्या गाडीचे नवे ब्रेक

आबांची गाडी जुनी होती, छोटी होती आणि तिचे ब्रेक लागायचे ते तिच्या मर्जीने. पेडल आधी पोकळ जायचं, पुन्हा दाबलं की गाडी डावीकडे ओढत रडतखडत थांबायची. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे गाडीला नावं ठेवली की त्यांना ती स्वतःलाच ठेवल्यासारखी वाटायची. आईच्या किडन्या निकामी झाल्या नसत्या तर मीही त्यांच्या तोंडी लागले नसते. पण आमचं गाव यवतेश्वरच्या वर, आणि डायलिसिस खाली साताऱ्यात. आठवड्यातून दोनदा आबा आईला घेऊन घाट उतरायचे. मी लग्न होऊन सांगलीला. फोन वाजला की मला आधी तो घाट दिसायचा.

दुसरी गाडी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "ही माझ्या हाताखालची हाय. नव्या गाडीत समदं पुन्यांदा शिकाय लागंल." भाड्याच्या जीपचं नाव काढलं तर आईच नको म्हणायची. परतताना तिला मळमळायचं आणि परक्या माणसापुढे ओकायची तिला लाज वाटायची. शेवटी मी हट्टालाच पेटले. गाडी तीच राहू दे, पण ब्रेक बदला, नाहीतर मी माहेरी पाऊल टाकणार नाही, इथपर्यंत बोलले. आबांनी दोन दिवस फोन घेतला नाही आणि मग निमूट गाडी घेऊन सांगलीला आले.

आमच्या घराजवळच्या मिस्त्रीने पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवल्या आणि बॉनेटखाली एक काळा गोल डबा लावला. त्याला बूस्टर म्हणतात. जुन्या गाडीत तो नव्हताच. पायात जेवढं बळ तेवढाच ब्रेक. आता त्या बळात इंजिन भर घालणार होतं. रिकाम्या रस्त्यावर आबांनी पहिला ब्रेक मारला तेव्हा मी पुढे आदळता आदळता राहिले. "लय झ्याक!" आबा म्हणाले. आईचं दुखणं सुरू झाल्यापासून त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री म्हणाला, "मामा, एक ध्यानात ठिवा. हे इंजिनच्या जिवावर चालतंय. गाडी बंद केली की दोन-तीनदा ब्रेक लागंल, मग पेडल निस्ता दगड. उतारावर गाडी बंद करू नगा."

"न्हाई करत," आबा म्हणाले.

मिस्त्रीला हे मुद्दाम सांगावं लागलं, कारण आमच्याकडे उतार लागला की गाडी बंद करतात. न्यूट्रल करायची, किल्ली फिरवायची आणि द्यायची सोडून. कधीकाळी पेट्रोल वाचवायला म्हणून सुरू झालं असेल, आता तसा विचारही कुणी करत नाही. घाटमाथा आला की हात आपोआप किल्लीकडे जातो, देवळाच्या पायरीशी चपला निघतात तसा. स्कूटरवाले, जीपवाले, दुधाचे टेंपो, सगळे मुकाट खाली येतात. आमच्या गाडीतही हेच चालत आलं होतं. तिचे जुने ब्रेक वाईट होते, पण इंजिन चालू असो की बंद, सारखेच वाईट होते.

मी फोनवर दर वेळी विचारायचे, "आबा, बंद करत नाही ना?"

"न्हाई गं बाई. किती येळा इचारशील?"

ते खरं बोलत होते, कारण आई त्याचीच तक्रार करायची. पूर्वी बंद गाडीत वारा ऐकू यायचा, पाखरं ऐकू यायची, दोघांना मनातलं बोलता यायचं. घरी आबा टीव्हीपुढे आणि आई चुलीपुढे. दोघांचं खरं बोलणं व्हायचं ते त्या उतारावर. आता घाटभर इंजिनची घरघर. मी तिला म्हटलं, घरी बसून बोला की, कोण अडवतंय? माझं असंच असतं, फटकन बोलून मोकळी होते. पण ते काही महिने मला शांत झोप लागायची, हेही खरं.

पावसाळा सरला होता, रस्ता कोरडा होता. सकाळी साताऱ्याहून फोन आला. वळणावर समोरून एसटी वर येत होती. आबांनी ब्रेक दाबला, पेडल हललं नाही. उजव्या हाताला दरी होती, म्हणून त्यांनी गाडी डावीकडे डोंगराला घातली. कुणीही शहाण्या ड्रायव्हरने तेच केलं असतं. आई डावीकडे बसली होती. मी पोचेपर्यंत ती राहिली नव्हती.

भेटायला येणारे माझ्या तोंडावर बोलायचे. "पोरीनं नवं ब्रेक घालाय लावलं म्हनं, त्येच फेल गेलं." आबा भिंतीला टेकून बसलेले असायचे, हो नाही की नाही नाही. माझा जळफळाट व्हायचा. पोलिसांनी आणून लावलेली गाडी मी पाहिली होती. समोरचा भाग चेपला होता आणि किल्ली बंदवर होती.

दहावा झाल्यावर आबा परड्यात एकटे सापडले. आईला गमावल्याचा सगळा राग मी त्यांच्यावर काढणार होते.

"गाडी बंद केली होती ना?"

"व्हय," ते लगेच म्हणाले. "तिनंच सांगितलं. म्हनली, आवं, डोस्क्यात लय घुमतंय, आजच्या दिस बंद करा. पयल्यावानी बोलत उतरू."

मग आबांनीच विचारलं, "पोरी, जुनं ब्रेक असतं तर लागलं असतं का गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी मिस्त्रीला फोन करून विचारलं होतं आणि तो बिचारा चाचरत खरं बोलला होता. लागले असते. ओढत, रडत, पण लागले असते.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "त्या वळणावर कसलेच ब्रेक लागले नसते."

हे मी त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, ते अजून मला सांगता येत नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळा जन्म गाडीवर काढलेला माणूस, त्यांना काय कळत नव्हतं? "मग बरं," ते म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडायला लागले.