हरकतीचा कागद माझ्या अक्षरात

"उभी राहा, पोरी. सगळ्यांना दिसू दे."

वकीलसाहेब म्हणाले आणि मी उभी राहिले. भंडाऱ्याच्या नगरपरिषदेचं सभागृह. भर दुपार. समोर अध्यक्ष, शेजारी मुख्याधिकारी, आणि खुर्च्यांवर आमच्या ले-आउटमधली, म्हणजे प्लॉटांच्या वसाहतीतली झाडून सगळी सभ्य मंडळी. बाजारात वांगी पारखावीत तसं त्यांनी मला पाहिलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. एका शिक्षणसंस्थेनं ले-आउटमधल्या रिकाम्या जागेवर मुलींचं वसतिगृह बांधायची परवानगी मागितली होती. शेजाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे पुढारी वकीलसाहेब. मी त्यांच्याकडेच राहत होते.

"ही एकोडी गावची. गरिबाची पोर," ते अध्यक्षांना म्हणाले. "माझ्या घरी राहते, शिकते. अशा पोरी चांगल्या घरात राहिल्या तर वळणावर राहतात. वसतिगृह हवंच कशाला?"

टाळ्या पडल्या. माणुसकीचा पुतळाच उभा होता ना समोर!

त्या चांगल्या घराचं सांगते. माझे बाबा दर सुगीला चिन्नोर तांदळाचं पोतं तिथं आणून टाकत. पोतं थेट स्वयंपाकघरात जायचं. मी उंबऱ्याबाहेर. जात पहिल्याच दिवशी विचारून झाली होती. कोरडं धान्य बाटत नाही म्हणे. माझ्या आईनं चिखलात वाकून रोवलेला तांदूळ चालायचा, मी शिजवलेला भात चालायचा नाही. काय सोयीचं शास्त्र! माझी ताटली गाईच्या कोठ्यात, माझा कप कोठ्यात, आणि मीही तिथंच, गाईच्या पलीकडे, पोत्यांचा आडोसा करून. सकाळी शेण काढायचं, अंगण झाडायचं, मग कॉलेज.

आणि वकिलांचे कागद उतरवून द्यायचे. माझं अक्षर सुरेख. हरकतीचा अर्जही मीच उतरवला, तीन प्रतींत. 'बाहेरगावच्या मुलींच्या वास्तव्यामुळे वस्तीच्या नीतिमत्तेस बाधा पोहोचेल.' 'सदर जागा बगीच्यासाठी राखावी.' बगीचा! ह्यांच्या घरातली राख आणि उष्टं त्या जागेवर पडायचं. त्यात ह्यांना कधी फूल दिसलं नव्हतं. वसतिगृहाचं नाव निघालं आणि एकाएकी सगळ्यांना गुलाबांची आठवण झाली.

एक कानामात्रा न चुकवता मी ते लिहिलं. लाज वाटायला हवी होती. भीतीच वाटली. सानगडीची माझी एक मैत्रीण होती, माझ्याहून हुशार. तिला भंडाऱ्यात कुणी खोली दिली नाही. कॉलेज सुटलं, दोन महिन्यांत लग्न लागलं. माझ्यासाठीही एकोडीत स्थळ बघून ठेवलेलं होतं. कोठा सुटला की शिक्षण सुटलं, हे मला पाठ होतं.

मुख्याधिकारी नवे होते. त्यांनी सहज विचारलं, "काय गं, बरं आहे ना तिथं?"

वकीलसाहेब हसत माझ्याकडे पाहत होते. मी मान डोलावणार याची त्यांना खात्री होती. मिंधं माणूस तोंड उघडत नाही, हा ह्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून तर त्यांनी मला साक्षीला आणलं. एवढे शिकलेले, आणि एवढे मूर्ख.

"साहेब, मी यायच्या घरात नाही राहून राहिली," मी म्हणाले. "गाईच्या कोठ्यात राहून राहिली. यायले आमचा तांदूर चालते, मी नाही चालत. आन तो अर्ज माह्या अक्षरात हाये. बाहेरगावची पोरगी मनजे मीच. मंग मले चांगली म्हणून इथं उभी केली कायले?"

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले. वकीलसाहेबांची पुस्तकी भाषा क्षणात गळून पडली.

"जीभ फुटली काय वो तुले? खाल्ल्या मिठाले नाही जागली!"

"मीठ तेवढं तुमचं होतं, साहेब. तांदूर आमचा."

सुनावणी तहकूब झाली. संध्याकाळी माझी पेटी रस्त्यावर होती. रात्र मी एसटी स्टँडवर काढली. निरोप मिळून दुसऱ्या दिवशी बाबा तिथं आले. पेटीकडे बघत उभे राहिले.

"काहून बोलली बाई? घर गेलं ना."

"कोठा गेला, बाबा."

एकोडीची एसटी लागली होती. ते चढले, मी चढले नाही. त्यांनी दोनदा हाक मारली. मी पेटीवर बसून कोरा कागद काढला आणि वसतिगृहाला परवानगी द्यावी म्हणून अर्ज लिहिला. तेच अक्षर. पहिली सही माझी. पत्त्याच्या जागी लिहिलं, 'भंडाऱ्यात राहायला जागा नाही.'

परवानगी त्या वर्षी मिळाली नाही. ती बगीचेवाली मंडळी जिंकली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जागेवर पुन्हा राख टाकू लागली. मी ठरवलं, दरवर्षी अर्ज देणार. प्रत्येक सुनावणीला उभी राहणार. मला उभं राहायला आता कुणी सांगायला नको.