आधी तुमचा हात

केनवडच्या बाजारात गळवं कापणारे जर्राहचाचा होते. त्यांची तऱ्हा जगावेगळी. दुसऱ्याच्या वतीनं जो "कापा" म्हणे, त्याच्याच मनगटावर ते आधी नश्तरानं बारीक चीर देत. भले भले मिशीवाले मग म्हणत, "थांबून पाहू, चाचा. लेपच लावा." चाचा लेप खलत हसत. "दुसऱ्याच्या अंगावर बहादुरी लय सस्ती असते, भाऊ."

मला हा निव्वळ चक्रमपणा वाटे. लग्नानंतर वर्षभरात बायकोच्या तळहातात तुराटी घुसली, हात टम्म फुगला. चाचांनी दाबून पाहिलं. "ठेवलं तं हात जाईन. कापलं तं एखांदं बोट आखडन. बोला."

"कापा! भ्यायचं काय त्यात?" मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट धरलं. खरं सांगतो, रक्ताचा थेंब दिसला आणि माझी सगळी मर्दुमकी जिरली. "दोन दिवस थांबू," मी पुटपुटलो.

"दोन दिवस कोनाचे? तुमचे का तिचे?" मग मला ओलांडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बेटी, तू काय म्हनतं?"

सासरी तिला कुणी काही विचारायची ती पहिलीच वेळ असावी. पदर सावरून ती म्हणाली, "कापा. भाकर थापता आली म्हंजे झालं."

हात वाचला. करंगळी तेवढी वाकडी राहिली.

पुढं खूप वर्षांनी चाचांच्याच पाठीला काळपुळी झाली. अंगणात त्यांची मुलं आणि आम्ही शेजारी हमरीतुमरीवर आलो. एक म्हणे, बैलगाडीनं वाशीमच्या दवाखान्यात न्या; दुसरा म्हणे, वाटेतच जातील. न्याच म्हणताना मी आपसूक मनगटावरची बाही मागं सारली, पण चीर देणारा तर आत पडलेला!

बायको मागून म्हणाली, "अवो, त्याइले कोनी इचारलं काय?"

आत जाऊन तिनंच विचारलं.

चाचा कण्हता कण्हता हसले. "नोको, बेटी. मले घरीच राहू दे."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

अजून मनात येतं, उचलून नेलं असतं तर? एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं. भाकर थापता थापता ती थांबली.

"नेयाचंच होतं, तं मंग इचारलं कायले?"

तिचं खरं आहे. तरी चाचा जायला नको होते.