परक्या उतारावरची नागली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या वडिलांना, आबांना, त्या डोंगरावरच्या शेतावर त्या लोकांनी आपण होऊन नको म्हटलं नव्हतं. मी म्हणायला लावलं होतं. आबा मात्र अजून समजून आहेत की त्यांच्या हाताला आता काम जमत नाही, म्हणून त्यांना परत पाठवलं.

दोन हजार सालानंतर मानकोलीच्या आसपास गोदामं उभी राहायला लागली आणि आमची भाताची जमीन त्यात गेली. आबा होही म्हणाले नाहीत, नाहीही नाही. मी कागद पुढे केला, त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. पुढच्या पावसाळ्यात ते रोज सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभे राहायचे. जायचं कुठे? शेतात कंटेनर उभे.

मला त्या उभं राहण्याचा फार राग यायचा. आयुष्यभर कंबर मोडली, आता जरा बसा ना! पण बसणं त्यांना येतच नव्हतं. आमच्या घराण्यात कुणी कधी ‘फिरायला’ म्हणून गेलं नव्हतं. लग्नाला जायचे, कुणाच्या दिवसकार्याला जायचे, जत्रेला जायचे. मीच ठरवलं की आता आपणही हवापालट करायचा. माथेरानला एका ओळखीच्या माणसाच्या बंगल्यातल्या दोन खोल्या मी दोन वर्षांसाठी घेऊन टाकल्या. उन्हाळा असो की धुकं, मनात आलं की गाडी काढायची, मोटारी थांबतात तिथे लावायची आणि तांबड्या मातीतून वर चालत सुटायचं.

चालत सुटायचो आम्ही. आबा मागे राहायचे. घोड्यावर बसवायला गेलो तर म्हणाले, “घोऱ्याला कशाला तरास? माझं पाय काय मोरलं हान?” पॉइंटवर नेलं तर सगळी माणसं समोर बघतायत आणि हे कठड्यावरून खाली वाकलेले.

“यो उतार बग. नागलीला एक नंबर.”

“आबा, समोर बघा. सूर्य बुडतोय.”

“त्यो काय, रोज बुरतो.”

शेजारी उभी असलेली एक बाई हसली आणि माझे कान तापले. मी त्यांना चिक्की घेऊन दिली. ती त्यांनी खिशात ठेवली, संध्याकाळी घोडेवाल्याला देऊन टाकली.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला, ऐन उन्हाळ्यात, आबा दुपारचे गायब झाले. सगळी बाजारपेठ शोधली, घोड्यांचा तळ शोधला. शेवटी एक हमाल म्हणाला, टॉवेलवाले बाबा ना, ते वाडीत उतरले. माथ्याखाली, डोंगराच्या कुशीला ठाकर आदिवासींची वाडी आहे. पाऊण तास दगड-मुळांवरून घसरत मी खाली पोचलो, तर आबा राब भाजायच्या तयारीत. पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून जाळतात, तो राब. एक मध्यमवयीन ठाकरीण आणि तिचा नवरा पाला पसरत होते, आणि माझे वडील काठीने त्यांना सांगत होते, इकडे दाट झालाय, तिकडे पातळ.

“आबा! काय चाललंय हे?”

“वारा कनच्या बाजूनी येतो त्यो बगतंय. तू जा, चा पी.”

त्यानंतर आमचं वर्ष असं चाललं. आम्ही धबधब्याखाली भिजायला जायचो तेव्हा ते खाली नागली, म्हणजे नाचणी, लावत असायचे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पत्ते आणि सिल्व्हर ओकच्या सावल्या धरून बसायचो तेव्हा त्यांच्या हातात विळा. थंडीत बाकी लोक सकाळी शाल पांघरून फेऱ्या मारत, आबा कणसं झोडून यायचे आणि अंगावरची तूस झटकत झोपडीतली चहाची चव सांगायचे. गावी चार शब्द न बोलणारा माणूस जेवताना बोलायला लागला. ती बाई त्यांना ‘बाबा’ म्हणायची, रोप लावताना अंतर चुकलं तर ओरडायचीसुद्धा. हे त्यांना विशेष आवडायचं. “मना बोल्ली, बाबा, तुझी भाताची सवय इकरं चालनार न्हाय!” आणि स्वतःच हसायचे.

मी चिडायचो. खोल्या घेतल्या आरामासाठी, आणि हा माणूस वरून खाली उतरून फुकट मजुरी करतोय. बायको म्हणायची, करू दे ना, खूश आहेत. मी म्हणायचो, लोक काय म्हणतील? ती म्हणायची, कुठले लोक?

लोक आले. पुढच्या पावसाळ्यात आमच्या जमिनीवरच्या गोदामाचे आमचे भाडेकरू, ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे एक शेठ, त्यांच्या दोस्तांसह माझ्या बोलावण्यावरून वर आले. आम्ही घोड्यांवरून निघालो होतो. वळणावर समोरून आबा. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर गवताचा भारा, बंगल्याशेजारच्या घोडेवाल्यासाठी आणलेला.

शेठनी लगाम ओढला. “अरे, ये तो अपने पिताजी हैं! बेटा घोडे पे और बाप ड्युटी पे?”

सगळे हसले. मीही हसलो. आबाही हसले, आणि बाजूला होऊन त्यांनी घोड्यांना वाट दिली.

दुसऱ्या दिवशी आबा उठायच्या आत मी वाडीत उतरलो. ती बाई ओट्यावर भांडी घासत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, वडिलांना ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी बंदी केलीय, उद्या तुमच्या शेतात काही झालं तर पोलीस तुमच्याच दारात येतील. त्यांना परत पाठवा, पण मी सांगितलं असं सांगायचं नाही.

ब्लडप्रेशर आबांना नव्हतं. मला आहे.

ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, “आमी न्हाय बोलावलं त्याला. त्यो आपनच येतो.” मग भांडं पुन्हा उचलत, “चांगला मानूस हाय तुझा बाप.”

मी म्हणालो, “ते मला माहितेय.”

त्याच सकाळी आबा निघाले तेव्हा मीही सोबत गेलो. खात्री करायला गेलो, दुसरं काही नाही. बांधावर मी झाडाखाली थांबलो. ती चिखलात वाकलेली होती, तिने मान वर केली नाही.

“नको बाबा आज. मानसं पुरी झाली.”

“तुमी दोगंच तर हाव.”

“पुरं हाय. तू लावतो ती रोपं सुटून वर येतात, मग आमाला परत लावाला लागतात.”

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. आबांनी परत येऊ नये म्हणून तिला हेच सापडलं असणार. आबांनी वाकून आदल्या दिवशी लावलेलं एक रोप हलवून पाहिलं. ते पक्कं होतं. तरी ते म्हणाले, “बरं.”

चढताना वाटेत तीनदा बसले. त्यानंतर ते माथेरानला आले नाहीत. मुदत संपली तेव्हा मी खोल्या सोडल्या.

आबा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. घरामागे कढीपत्त्याचं झाड आहे, त्याला पाणी घाला म्हटलं तर म्हणतात, “मना न्हाय जमाचं. हात गेला माझा.” गोदामाच्या फाटकासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवसभर बसतात. बसायला शिकले अखेर. मागच्या महिन्यात मी शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणालो, आबा, ती वाडीतली बाई आठवते? ते म्हणाले, “आठवतंय. खरं बोलनारी व्हती.” मी उठून आत गेलो.

त्यांची रोपं सुटून वर आली नव्हती, हे मला आबांना सांगायचं आहे. आणि त्या बाईला माझ्यामुळे खोटं बोलावं लागलं, त्याबद्दल तिच्या ओट्यावर जाऊन माफी मागायची आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.