एवढीशी तांबी

नर्सबाईंनी जुनी तांबी काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा दहा वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. बोटाच्या दीड पेराएवढी, तांब्याची तार काळवंडलेली. एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर माझ्या दोघी मुली निवांत वाढल्या, अर्धवट राहिलेलं डी.एड. पूर्ण झालं, आणि दर महिन्याला वाटणारी पाळी चुकण्याची भीती मी विसरूनही गेले.

ती बसवायला मला सासूबाईच सरकारी दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. तेव्हा धाकटी तीन महिन्यांची होती. मी लाजले, तर सासूबाईच डॉक्टरांना म्हणाल्या, "मला सात झाली, त्यांतली तीन जगली. हिच्या अंगाला जरा विसावा मिळू दे."

आज घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "केवढी असते गं ती?"

मी बोटावर माप दाखवलं. त्यांनी ते माप स्वतःच्या बोटावर लावून पाहिलं.

"आई, तुम्ही तेव्हा नेलंत म्हणून सगळं झालं," मी म्हटलं.

"मला नेणारं कुणी नव्हतं गं," त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुला नेलं."