सागाला पानं फुटेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही दोन वस्तू एकमेकींकडे नीट तोंड करून उभ्या दिसल्या, तर त्यात आमच्या मोठ्या साडूंचा हात आहे असं खुशाल समजावं. उमरखेडपासून कळंबपर्यंत टॉवरांवर, पाण्याच्या टाक्यांवर आणि शाळांच्या गच्च्यांवर ज्या पांढऱ्या डिश दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्यांनी चढवल्या आहेत. एका गावातली डिश दुसऱ्या गावातल्या डिशकडे पाहते आणि मधल्या हवेतून इंटरनेट जातं, एवढंच ते काम. पण नजर केसभर चुकली तरी पलीकडच्या गावापर्यंत पोहोचता पोहोचता ती चूक शेतभर मोठी होते. म्हणून साडू पट्ट्यानं खांबाला लटकून डिश इंचाइंचानं फिरवायचे आणि दुसऱ्या टोकाच्या माणसावर फोनमधून ओरडायचे, "केसभर डावीकडं. अजून केसभर. थांब! आता हालू नको!" हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते न्हाव्यालाही तेच सांगत आणि इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सलाही. माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हाती होतं. मंगलाष्टकं संपत आली तसं त्यांनी मोकळ्या हातानं माझा खांदा धरला आणि मला किंचित उजवीकडे वळवलं. भटजी थांबले. "तुमचं चालू द्या न महाराज," साडू म्हणाले. "पडदा खाली आल्यावर नवरदेवाले नवरीच्या जागी सासरे दिसले त कसं व्हावं?" आमच्या लग्नाच्या मुख्य फोटोत माझ्या खांद्यावर तो हात अजून आहे.

त्यांच्या यंत्रात सिग्नल उण्यामध्ये मोजतात. उणे पन्नास म्हणजे ठणठणीत, उणे नव्वद म्हणजे मेल्यात जमा. साडूंनी सगळं जग या मापात बसवलं होतं. सासूबाईंचा जीव त्यांच्यावर उणे पंचावन्न होता, धाकट्या मेव्हण्याची अक्कल उणे ऐंशीच्या वर कधी आली नाही, आणि मी बातमीदार आहे त्या वर्तमानपत्राला त्यांनी उणे अठ्ठ्याऐंशी दिले होते. "म्हणजे असं पाहा," त्यांनी मला समजावून सांगितलं, "बातमी पोचते. पण समजत नाही." शेजाऱ्यानं गच्चीवर दुसरी टाकी बसवली तेव्हा ते एक डोळा मिटून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. टाकीमुळे त्यांचं काहीच अडत नव्हतं, तरीही त्या शेजाऱ्याच्या घरचा चहा त्यांनी पुढे कधी घेतला नाही. नजरेच्या आड येणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. बाकी स्वभावात कडवटपणा नव्हता, फुशारकी मात्र भरपूर होती. "मी बांधलेल्या लाइनीले दुसऱ्यांदा हात लावा लागत नाही," हे वाक्य ते साखरपुड्यात सांगत आणि तेरवीतही. मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, अशा वेळी ताटाकडे पाहत राही. तेवढ्यापुरतं तिला ऐकू येणं बंद होत असावं.

त्या वाक्याचा शेवट बोरी अरबच्या पलीकडच्या एका टेकडीवर झाला. तिथे बंजारा शेतकऱ्यांचा एक तांडा आहे. बोरी अरबचा टॉवर आणि तांडा यांच्यामध्ये सागवानाचा उतार येतो. साडूंचं सारं आयुष्य काळ्या मातीच्या सपाटीवर गेलेलं होतं, आणि तिथे नजरेच्या आड येणारं सगळ्यांत उंच पीक म्हणजे तूर. तांड्याचं काम निघालं ऐन मार्चमध्ये. आर्थिक वर्ष संपण्याआधी लाइन चालू झालेली दाखवायची कंत्राटदाराला घाई होती. साडूंनी तांड्याच्या मंदिरामागे खांब उभा केला, वर चढले आणि पाहिलं, तर समोर अख्खा उतार निष्पर्ण. करड्या काठ्या नुसत्या, आणि त्यांच्या फटींतून बोरी अरबचा टॉवर लख्ख. पहिल्याच प्रयत्नात आकडा उणे बावन्नवर आला. नारळ फुटला, तांड्याच्या नायकानं साडूंना फेटा बांधला आणि आमच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर फोटो आला. त्या फोटोत साडू बोरी अरबच्या दिशेला नेमकं तोंड करून उभे आहेत.

पाऊस लागला तसा साग फुटला. सागाचं पान जेवणाच्या ताटाएवढं होतं, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही ठाऊक असतं, साडूंनाही होतं. फक्त खांबावर असताना ते त्यांना आठवलं नव्हतं. आषाढ उजाडेपर्यंत उतारावर हिरवी भिंत उभी राहिली आणि लाइन मेली. दुसऱ्या एखाद्या गावात यामुळे पोरांचे मोबाइल बंद पडले असते, इतकंच. तांड्याचं धान्य बंद पडलं. नेट नव्हतं तोवर तिथला रेशन दुकानदार वहीवर सही घेऊन गहू-तांदूळ देत असे. तांडा जोडला गेल्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि ती सवलत गेली. आता मशीनवर अंगठा उमटल्याशिवाय धान्य नाही, आणि नेटशिवाय अंगठा उमटत नाही. बायका पिशव्या घेऊन बोरी अरबला उतरल्या, तर तिथला दुकानदार म्हणाला की आपल्याकडे गावापुरताच माल आला आहे.

साडू निरोप मिळताच वर गेले, खांबावर चढले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. खाली तांड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई उभी होती. तिला सगळे याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. ती खालून म्हणाली, "काहून बाप्पा, उन्हाळ्यापुरतंच नेट आणलं काय आमच्यासाठी? तोंडं त आमची बाराही महिने खातेत." साडू खाली उतरले आणि तडक कंत्राटदाराकडे गेले.

साग वनखात्याचा, त्याच्या फांदीलाही हात लावता येत नाही. उपाय एकच होता, खांब उंच करणं, आणि त्याची मंजुरी कंत्राटदाराच्या हाती होती. कंत्राटदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइन चालू आहे म्हणून सही कोणाची आहे?" सही साडूंचीच होती. मग त्यांनी कंत्राटदाराच्या वरच्या सरकारी कार्यालयाला अर्ज लिहिला: जागा पाहण्यात चूक माझी आहे, मी झडलेल्या रानातून नजर लावली, कृपया प्रत्यक्ष पाहणी करून खांब वाढवून द्यावा. मेव्हणीनं तो वाचला आणि माझ्यासमोरच म्हणाली, "इतक्या वर्षांत घरात कधी चूक कबूल केली नाही. कराची त अशी कागदावर करून राह्यले! उद्या काम कोण देईन तुमाले?" साडू म्हणाले, "आकडा खोटं बोलत नाही. मी कायले बोलू?"

अर्ज श्रावणात गेला. पाहणीला साहेब आले फाल्गुनात. तोवर सागानं आपलं एकूण एक पान टाकलं होतं. साहेबांनी खांबाखाली उभं राहून मोबाइल उघडला, तर आकडा उणे बावन्न. त्यांनी साडूंकडे पाहिलं ते चिडून नव्हे, काळजीनं. "साहेब, एकदा आखाडात येऊन पाहा," साडू म्हणाले. साहेब म्हणाले, "पावसाळ्यात आमची गाडी या रस्त्यानं चढत नाही हो." तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा पडला. चालू असलेल्या कामाची बदनामी केली म्हणून कंत्राटदारानं साडूंना पुढची कामं देणं थांबवलं. नव्या पावसाळ्यात लाइन पुन्हा मेली. तांड्यानं पुन्हा तक्रार केली, आणि पाहणी पुन्हा उन्हाळ्यात झाली. यात कोणी खोटं बोललं नाही, हे मला बातमीदार म्हणून नोंदवावं लागतं. साहेबांच्या मोबाइलवर जो आकडा दिसला तोच त्यांनी लिहिला. त्यानंतर साडूंनी माणसांना आकडे देणं बंद केलं. घरात जरा शांतता आली, आणि ती कोणालाच फारशी आवडली नाही.

गेल्या भाद्रपदात रेशनच्या दिवशी मी तांड्यावर गेलो. मंदिरासमोर पिशव्यांची रांग लागली होती. दुकानदार मांडीवर मशीन घेऊन बसला होता आणि मागच्या खांबाच्या टोकाला आमचे साडू होते. लोखंडी नळ वर नेणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी खांबाला लांबलचक वेळू बांधला होता आणि त्याच्या शेंड्यावर डिश. एवढ्या उंचीवर ती सागाच्या डोक्यावरून कशीबशी बोरी अरबकडे पाहत होती. पण वेळू वाऱ्यानं डुलतो, त्यामुळे तो कोणीतरी मिठी मारून धरून ठेवावा लागतो. साडू कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून त्याला बिलगले होते. पावसाळ्यात दर महिन्याला वाटप संपेपर्यंत ते असेच लटकून राहतात, असं नायकानं सांगितलं. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याची कुठे नोंदही नव्हती.

"गेलं, भाऊ, गेलं!" दुकानदार ओरडला. "केसभर डावीकडं. अजून केसभर. हां, आलं! आता हालू नका!"

ते वाक्य आता सगळ्या तांड्याला पाठ झालं होतं. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "नाक नका खाजवू भाऊ, सुभाषची बायको अंगठा देऊन राह्यली!" रांग हसली.

रांग संपत आली आणि याडीची पाळी आली. जन्मभर कापूस वेचून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. मशीननं अंगठा नाकारला. दुसरा लावला, तोही नाकारला. वारा वाढला होता आणि वेळू वाकत होता. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे याडी, येत्या महिन्यात पाहू." ती जागची उठली नाही.

"झालं का?" साडूंनी वरून विचारलं.

"याडी राह्यली, भाऊ. अंगठा घेतच नाही."

मी वर पाहिलं. आता ते चिडतील, निदान एखादा उण्याचा आकडा तरी ऐकवतील, असं मला वाटलं. त्यांनी हातांची मिठी सोडवून पुन्हा घट्ट केली आणि गाल वेळूला टेकवला. याडी ओढणीच्या टोकाला अंगठा पुसत होती.

"घे याडी, सावकाश घे," ते वरून म्हणाले. "तुयं होईस्तोर मी हालत नाही."